शांत खोलीतली बदली

आमच्या घरात डॉक्टर आहेत असं कुणी ऐकलं की लगेच गुडघा पुढे करतं नाहीतर जीभ बाहेर काढतं. म्हणून आधीच सांगून टाकते, आमचे डॉक्टर पंपांचे. शहराला पाणी चढवणाऱ्या पंपघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. सहा पंप आहेत तिथे, आणि सहाही जणींची प्रकृती यांना तोंडपाठ. माझा वाढदिवस विचाराल तर दोनदा चुकतील.

त्यांचं आयुध म्हणजे एक हातभर लांब, पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. चालत्या पंपाच्या बेअरिंगच्या झाकणावर त्याचं टोक ठेवायचं, मूठ कानापुढच्या हाडावर टेकवायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मग हळूच म्हणायचं, "ग्रीस मागतेय," किंवा "हिचे दोन महिने राहिले." आणि दोन महिन्यांनी ती खरोखर जायची. पंपघराच्या साहेबांनी मध्यंतरी कंपन मोजणारं एक मीटर आणलं. त्या मीटरने तीन आठवडे अभ्यास करून जे सांगितलं ते हे आधीच चहा पिता पिता सांगून बसले होते. तेव्हापासून सगळे यांना डॉक्टर म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच सोयीचं पडलं.

या कानापायी आमच्या घरात कुठल्याही वस्तूला तोंड उघडायची परवानगी नव्हती. दार करकरलं की तेल, पंखा टकटकला की स्टूल. मी घरी शिवणकाम करते. माझ्या मशीनला त्यांनीच छोटी मोटर बसवून दिली आणि ती इतकी गुपचूप चालायची की गिऱ्हाइकाला वाटायचं मी नुसतीच मशीनपुढे बसून राहिलेय. सासूबाई होत्या तोवर त्यांनासुद्धा घोरायची चोरी होती.

आणि अशा माणसाच्या कानात शिट्टी लागली.

सुट्टीचा दिवस होता. हे पेपर वाचत होते. एकदम उठले आणि म्हणाले, "काय वाजतंय गं?"

"काही नाही."

"कसं काही नाही? बारीक शिट्टी येतेय. बेअरिंग कोरडं पडल्यासारखी."

झालं. आधी फ्रीज भिंतीपासून ओढला. मग पंखा उतरवला. मग विजेच्या मीटरला कान लावून उभे राहिले. दुपारपर्यंत इमारतीच्या पाण्याची मोटर उघडून झाली आणि संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंकडे जाऊन, कुणी बोलावलेलं नसताना, त्यांचं कपडे धुवायचं मशीन पोटावर आडवं केलं. त्या बिचाऱ्या भिजलेले टॉवेल हातात घेऊन उभ्या. मी जिन्यात जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अहो, चला घरी! तुमचेच कान वाजतायत!" चार दारांतून चार माणसं हसली. मीही हसले. मला तेव्हा वाटलं, काय झकास बोललो आपण.

दहा-बारा दिवसांनी पंपघरात तेच झालं. चार नंबरला स्क्रू ड्रायव्हर लावला, शिट्टी ऐकली आणि यांनी पंप बंद करायला लावला. डॉक्टरांनी सांगितलं म्हटल्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अर्धा दिवस अर्ध्या शहराच्या नळांना पाणी नाही. पंप उघडला, तर बेअरिंग असं चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. साहेबांनी नुसतं ते मीटर आणून टेबलावर, यांच्या समोर ठेवलं. एकतीस वर्षांत कुणी यांचा असा अपमान केला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आले ते चपला न काढता माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले. दोन्ही कानांत बोटं घातली, काढली, पुन्हा घातली.

"आत आहे," म्हणाले.

"काय आत आहे?"

"शिट्टी. बाहेर नाहीच. माझ्या आत आहे." आणि त्यांनी कामाच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोकाला रुमाल गुंडाळला, ते स्वतःच्या कानामागच्या हाडाला लावलं आणि मूठ माझ्याकडे केली. "ऐक बरं जरा. तुला येतेय का?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एक माणूस स्वतःच्या डोक्याला स्क्रू ड्रायव्हर लावून बायकोला म्हणतोय, ऐक. मला हसू आवरेना. टाचण्या थुंकल्या आणि पोट धरून हसले. त्यांनी दोन क्षण वाट पाहिली. मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या कात्र्यांच्या खणात टाकला, खण लावला आणि आत जाऊन बसले. पुढे सहा-सात महिने त्याला हात लावला नाही. हे मी आता सांगतेय, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कापड संपवायचं होतं, संपवलं.

मग हळूहळू घरातलं वातावरण बिघडलं. झोप गेली. झोप गेली की माणसाचं जे होतं ते झालं. भाजी का आळणी, पडदा का उघडा, यावरून वाद. मित्रांकडे जाणं बंद. कुणी बोलत असलं की मान हलवायचे, पण लक्ष आत, त्या शिट्टीकडे. एकदा मला म्हणाले, "आज शिट्टी आहे. उद्या आत माणसं बोलायला लागली तर?" मी म्हटलं, "लागली तर त्यांना सांगा, इथे एकच बोलते आणि ती मी आहे." विनोद होता तो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. माणसाचा पाय मोडला तर लोक निदान प्लास्टर बघून गप्प बसतात. दिसत नाही असं काही झालं की प्रत्येकजण तज्ज्ञ. थोरल्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, "विचार फार करतो तो लहानपणापासून. विचार करू नको म्हणावं." शेजारच्यांनी थेंब सांगितले, कुणी लसूण सांगितला, कुणी सांगितलं की उजव्या कुशीवर झोपा, आणि एकाने तर, "भाग्यवान आहात, आतला आवाज सगळ्यांना ऐकू येत नाही," असं म्हणून चहा मागितला. मला तर वाटलं त्याच्या कानात तोच लसूण कोंबावा.

कानाच्या मोठ्या डॉक्टरकडे दोन तास बसलो. आत तीन मिनिटं. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "वयाचं आहे, आवाजात काम केल्याचं आहे. याला औषध नाही. लक्ष देऊ नका."

आमचे डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "लक्ष न देण्याची पद्धत काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे करायचं कसं? आधी काय, नंतर काय?"

मोठे डॉक्टर दाराकडे बघून म्हणाले, "पुढचे या."

त्याच सुमाराला पंपघर चालवणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या मनाची आठवण झाली. वरून परिपत्रक आलं आणि मनःस्वास्थ्य सप्ताह ठरला. भिंतींवर ढगांची चित्रं लागली. काळजी विभाग म्हणून एक नवा विभाग निघाला. त्यात एक बाई, एक टेबल आणि एक कुंडी. पंपघरातल्या सगळ्यांना सभागृहात बसवून एका पाहुण्याने माइकवरून सांगितलं, "आता दहा मिनिटं डोळे मिटा आणि शांतता ऐका. शांततेत सगळी उत्तरं असतात."

सगळ्यांनी डोळे मिटले. पहिल्या दोन मिनिटांत अर्धे झोपले, आणि त्यांना सप्ताहाचा पुरेपूर फायदा झाला. आमचे हे मात्र घामाने निथळत होते. पंपांच्या आवाजात ती शिट्टी थोडी तरी झाकली जायची. त्या सभागृहात तिला मोकळं रान मिळालं. हे सांगत होते, दहा मिनिटं नुसती खुर्ची धरून बसलो, उठून पळालो असतो तर लोक काय म्हणाले असते.

शेवटी एक चिठ्ठी वाटली. 'मनातलं मोकळेपणाने लिहा. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.' खाली कर्मचारी क्रमांकाचा रकाना. बाकीच्या सगळ्या शहाण्यांनी लिहिलं, 'कार्यक्रम उत्तम, चहा गरम होता.' आमच्या या एका भोळ्या जिवाने पंपाच्या नोंदवहीत लिहितात तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं: डाव्या कानात शिट्टी, सतत. झोप नाही. मशीन ऐकताना स्वतःवर विश्वास राहत नाही. भीती वाटते.

आठ दिवसांत बदलीचा कागद आला. कर्मचाऱ्याच्या मानसिक स्वास्थ्याचा सहानुभूतीने विचार करून त्यांस शांत व तणावमुक्त वातावरणात, म्हणजे अभिलेख कक्षात, नेमण्यात येत आहे. काळजीवाल्या बाई स्वतः कागद द्यायला आल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर माया होती, म्हणून तर त्यांच्यावर ओरडताही येईना.

ती खोली मी नंतर पाहिली. मुख्य इमारतीच्या तळाला आहे. जाड भिंती, खिडकी नाही, जमिनीपासून छतापर्यंत कागद. कागद आवाज गिळतो. आपण खोकलो तर खोकला बाहेर पडल्या पडल्या मरतो. ज्या प्रकरणांचं काय करायचं हे कुणाला ठरवता येत नाही ती सगळी तिथे येतात, आणि त्यांवर धूळ बसली की प्रश्न सुटला असं धरतात. अशा खोलीत त्यांनी आमच्या डॉक्टरांना शिट्टीबरोबर एकटं, रोज आठ तास, कोंडलं. कैद्यांना असं ठेवलं तर लोक मोर्चा काढतील.

तीन महिने गेले. ते चिडायचे थांबले, आणि मी मूर्ख, मला वाटलं बरे होतायत. खरं म्हणजे चिडायचीही ताकद राहिली नव्हती. जेवायला हाक मारली की यायचे, ताट संपवून उठायचे. एका दुपारी मी मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाचा कोट उसवत होते. ते शेजारी येऊन बसले आणि सहज, भाजी काय आणू असं विचारावं तशा आवाजात म्हणाले, "मला आता खरं काय वाजतंय आणि खोटं काय, हेच कळत नाही. दुसरं मला काही येतही नाही. मग मी आहे कशाला?"

मी म्हटलं, "असं काय बोलता?"

"काही नाही. कंटाळा आलाय. सगळ्याचाच."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मला जिन्यातलं माझं हसणं आठवलं, आणि टाचण्या थुंकून हसलेली मी आठवले. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. यांच्यावर मी आयुष्यभर कावलेय, रुसलेय, पण हे नसतील असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रजा टाकायला लावली आणि कान तपासणीच्या केंद्रात घेऊन गेले. मोठ्या डॉक्टरकडे नाही. जिथे डबीसारख्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून मोजतात, तिथे.

तिथल्या तपासणाऱ्या बाई माझ्यापेक्षा लहान, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी तासभर मोजलं. वेगवेगळ्या शिट्ट्या ऐकवून विचारत राहिल्या, "अशी? की यापेक्षा बारीक?" शेवटी एक ऐकवल्यावर आमचे हे ताडकन म्हणाले, "हीच! हीच ती!"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "वरच्या पट्टीतलं तुमचं ऐकणं तिथेच कमी झालंय. तिथून कमी यायला लागलं की मेंदू स्वतःच भर घालतो. आवाज तुम्हाला येतो हे शंभर टक्के खरं आहे. वेड लागण्याशी त्याचा काही संबंध नाही."

यांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरल्यासारखं केलं. पाच महिन्यांत 'खरं आहे' असं म्हणणारं त्यांना पहिलं माणूस भेटलं होतं, आणि ते पैसे भरून भेटलं, घरात नाही.

बाईंनी पुढे समजावलं. शिट्टी जाईलच असं नाही. पण तिची भीती वाटली की झोप जाते, झोप गेली की मन खचतं, खचलेलं मन शिट्टीवरच पहारा देत बसतं, आणि पहारा दिला की ती मोठी वाटते. शांत जागा टाळा. आजूबाजूला हलका आवाज असू द्या. आणि एका समुपदेशकांचा पत्ता दिला.

"मी वेडा नाही, तुम्हीच म्हणालात," हे लगेच म्हणाले.

"नाहीच आहात. पंप कुरकुरला की तुम्ही नुसतं बेअरिंग बघता, की खालचा पायाही तपासता?"

"दोन्ही."

"मग तेच करा," बाई म्हणाल्या. पंपांची भाषा बोलणाऱ्या माणसाचं ऐकायला यांना अडचण नव्हती.

समुपदेशक म्हणजे एक म्हातारे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग काही लपवाछपवी न करता विचारलं, "जगू नये असं कधी वाटलं?" मी पटकन म्हणणार होते, छे हो, काहीतरीच काय. पण हे जमिनीकडे बघून म्हणाले, "एकदा वाटलं होतं. तेव्हा ही मशीनवर बसली होती. उठून हिच्याजवळ जाऊन बसलो." मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. तो कोट, ती दुपार. मला उचलून कुणीतरी आपटावं तसं झालं, आणि तिथेच दोघांसमोर मी रडले. गृहस्थांनी शांतपणे पाणी पुढे केलं आणि पुन्हा तसं वाटलं तर कुणाला सांगायचं, कधी फोन करायचा, ते दोघांकडूनही कागदावर लिहून घेतलं.

दर आठवड्याला जायचं ठरलं. त्यांनी यांना एक काम दिलं: पंपाची ठेवता तशी शिट्टीची नोंदवही ठेवा. वेळ, आकडा दहापैकी, आणि त्या वेळी काय चालू होतं. झालं, डॉक्टरांना पेशंट मिळाला! दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. पहिल्या पानावर 'यंत्र क्रमांक सात' असं लिहिलं. सात म्हणजे ते स्वतः.

वही उशीखाली असायची. मी वाचली. चोरून वाचली, त्यात लाज कसली. 'अभिलेख कक्ष, सकाळी दहा, नऊ. अभिलेख कक्ष, दुपारी एक, नऊ. चार नंबरची आठवण आली, दहा. ताईचा फोन, आठ. बसमध्ये, चार. बायको ओरडत होती, पाच. बायको मशीनवर, मोटरला तेल हवं आहे, तीन.' मी पानं उलटत गेले. सगळ्या वहीत सगळ्यात लहान आकडा तो तीन. माझं मशीन जरा आवाज करायला लागलं होतं, कारण पाच महिने त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं, आणि तेवढ्याने या माणसाला बरं वाटत होतं.

ही गोष्ट डोक्यात ठेवून मी आधी यांना घेऊन कंपनीत गेले. कान तपासणाऱ्या बाईंचं पत्र होतं हातात: शांत खोली अयोग्य, कानाला संरक्षण देऊन पंपघरात काम करण्यास हरकत नाही. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "पत्र ठीक आहे. पण फॉर्म लागेल." फॉर्मवर दोन चौकोन होते. 'कर्मचारी पूर्ण बरा झाला आहे', म्हणजे परत पंपघरात. 'कर्मचारी बरा झालेला नाही', म्हणजे शांत खोलीत मुक्काम वाढवा.

"शिट्टी तर आहे," हे म्हणाले. "पूर्ण बरा कसं लिहू? खोटं होईल."

"मग दुसऱ्यावर खूण करा," काळजीवाल्या बाई मायेने म्हणाल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे खोटं बोललात तर काम, खरं बोललात तर कोठडी! कापडावर खुणा करायची माझी निळी पेन्सिल पिशवीत होती. ती काढली, दोन चौकोनांखाली तिसरा चौकोन काढला, आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'शिट्टी आहे, काम येतं.' आणि त्यात अशी खूण केली की कागद फाटता फाटता वाचला.

साहेब म्हणाले, "अहो, संगणकात दोनच चौकोन आहेत."

"मग संगणकाला तिसरा शिवून देऊ का?" मी म्हटलं आणि यांना घेऊन निघाले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तू लिहिलंस खरं. पण मला काम येतं का, हे मला तरी कुठे माहीत आहे?"

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका संध्याकाळी हे घरी आले, दारातच बसले आणि हसायला लागले. मला आधी वाटलं, गेलं वाटतं डोकं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. "अगं, तो फॉर्म," म्हणाले, "तो सगळ्या टेबलांवर फिरला. तिसऱ्या चौकोनाचं काय करायचं ते कुणालाच ठरवता येईना. म्हणून प्रलंबित असा शिक्का मारून त्यांनी तो अभिलेख कक्षात पाठवला. म्हणजे माझ्याकडे! आज मीच माझी फाइल क्रमांक घालून फडताळात ठेवली. पोचही मीच दिली."

मीही हसले. किती महिन्यांनी घरात दोन माणसं एकदम हसली. पण हसणं ओसरलं. आता ते फडताळात होते, त्यांच्या हातानेच.

त्या रविवारी मी ठरवलं. हे आंघोळीला गेल्यावर मशीनच्या मोटरची पट्टी धरून ठेवणारा स्क्रू दोन आटे सैल केला. माझा हेतू एवढाच, की मशीन नीट खडखडावं आणि यांना तीनच्या जागी दोन मिळावेत. सुरू केलं तर काय आवाज! खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून वर बघितलं.

हे टॉवेल खांद्यावर घेऊन धावत आले. "काय झालं मशीनला?"

"मला काय ठाऊक? डॉक्टर तुम्ही."

"मी नाही आता. मीटरवाल्या कुणाला तरी बोलाव."

म्हणाले आणि वळले. तेव्हा मात्र माझा ताबा गेला. कात्र्यांचा खण ओढला, सगळ्या कात्र्या जमिनीवर सांडल्या, तो पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्यांच्या हातात कोंबला. "धरा! एकतीस वर्षं जगाची मशीनं ऐकलीत, बायकोचं ऐकायला मीटर लागतं का?"

त्यांनी टोक मोटरवर ठेवलं, मूठ हाडाला टेकवली, डोळे मिटले. मी पायाने मशीन चालू ठेवलं.

"शिट्टी आहे," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, केलं वाटोळं आपण. आता हा माणूस पुन्हा कधी या गोष्टीला हात लावणार नाही.

"थांब. बंद कर." मी बंद केलं. "चालू कर." केलं. "बंद." "चालू." असं सहा-सात वेळा झालं. मग त्यांनी डोळे उघडले.

"वरची शिट्टी माझी आहे," ते म्हणाले. "मशीन बंद केलं तरी ती राहते. खालची घरघर हिची आहे. मला दोन्ही वेगळ्या ऐकू येतायत गं." आणि वाकून, बोटाने चाचपून त्यांनी पट्टीचा स्क्रू पकडला. "हा आपोआप सैल होत नाही. खाली वॉशर मी स्वतः घातलाय. हा कुणीतरी सोडवलाय."

मी कापडाची घडी घालायला लागले. घालून झालेली पुन्हा घातली.

मीच मग त्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोकाला माझ्याच ओढणीचं टोक गुंडाळलं, ते त्यांच्या कानामागच्या हाडाला लावलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. बराच वेळ धरली. मला काही ऐकू आलं नाही. "येतेय का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही येत. पण तुम्हाला येतेय ना, मग आहे." त्यांनी मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच. आम्ही काही गळ्यात पडून रडणारी माणसं नाही, आणि त्या दिवशी कात्र्याही गोळा करायच्या होत्या.

सोमवारी ते खाली कागदांकडे गेले नाहीत. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवल्या आणि सरळ पंपघरात जाऊन उभे राहिले. चालकाने नुसतं म्हटलं, "डॉक्टर, दोन नंबर काहीतरी बोलतेय." एकाच कानावरची टोपी सरकवून यांनी ऐकलं, वरची शिट्टी बाजूला ठेवली, खालची घरघर काय म्हणतेय ते सांगितलं. साहेबांनी पाहिलं, मीटर खिशात घातलं आणि तोंड फिरवून निघून गेले. फॉर्म अजून प्रलंबितच आहे. कागदोपत्री आमचे हे आजही शांत व तणावमुक्त वातावरणात बसलेले आहेत, आणि काळजीवाल्या बाईंच्या अहवालात त्यांची प्रकृती सुधारत असल्याची नोंद आहे.

शिट्टी आहेच. वाईट दिवस येतात, तेव्हा गृहस्थांना फोन करतात, आणि मलाही सांगतात, मी हातातलं काम बाजूला ठेवते. वहीतले आकडे चार-पाचच्या वर फारसे जात नाहीत. परवा त्यांनी घरातली सगळी दारं, पंखा, फ्रीज तपासून तेलपाणी केलं. माझ्या मशीनपाशीही आले, स्क्रू आवळायला घेतला, एक आटा आवळला आणि दुसरा तसाच सोडून दिला.